वडिलांच्या दंडावरचे वळ आणि बहिणीचा प्रश्न

गणपतीसाठी गावी गेलेले चाकरमानी मुंबईला परतले की पुढचे काही आठवडे माझ्याकडे एकाच प्रकारच्या काळजीचे फोन येतात. वर्षभर फोनवर "बरे आहेत" एवढेच ऐकलेले असते. घरात आठ-दहा दिवस मुक्काम झाला की म्हाताऱ्या आईच्या किंवा वडिलांच्या अंगावर काहीतरी दिसते आणि मन अस्वस्थ होते. मग विचारले जाते ते असे, की सांभाळणारा माणूसच मारत असावा असे वाटते, पण विषय काढला आणि तो "तुम्हीच घेऊन जा" म्हणाला तर पुढे काय करायचे? या भीतीपोटी कित्येक मुले-मुली पाहिलेले न पाहिल्यासारखे करतात. म्हणून अशाच एका घराची हकिकत, संबंधितांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून, येथे मांडत आहे.

मालवण तालुक्यातील एका वाडीत वयाची ऐंशी ओलांडलेले वडील आणि त्यांचा अविवाहित धाकटा मुलगा असे दोघेच राहत होते. वडिलांना स्मृतिभ्रंश झालेला होता आणि हृदयविकारामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. डोंबिवलीत राहणारी मुलगी दरमहा पैसे पाठवत असे. चवथीच्या दुसऱ्या दिवशी भाऊ बाजारात गेलेला असताना तिने वडिलांना आंघोळ घालायला घेतली. भाद्रपदातल्या दमट हवेतही त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता आणि तो काढू द्यायला ते तयार नव्हते. सदरा निघाल्यावर दोन्ही दंडांच्या बाहेरच्या बाजूला निळसर, लांबट असे चार-चार वळ आणि आतल्या बाजूला एकेक डाग दिसला. उजव्या मनगटाभोवती कातडी पट्ट्यासारखी सोलवटलेली होती. खोलीत परत आल्यावर खाटेच्या पायाला बांधलेला सुंभाचा तुकडा तिच्या नजरेस पडला. त्याचे मोकळे टोक वापरून गुळगुळीत झालेले होते.

फोनवर तिचा पहिला प्रश्न होता, "गोळीमुळे असे होत असेल का?" हा प्रश्न योग्यच होता, कारण उतारवयात कातडी पातळ होते, हाताच्या पालथ्या बाजूला आणि कोपराखाली किरकोळ धक्क्यानेही जांभळे चट्टे उठतात आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाने ते अधिक पसरतात. माणूस पडतो तेव्हा मार बहुधा गुडघा, कोपर, कपाळ, नितंब अशा हाडाच्या जागी बसतो. दोन्ही दंडांवर सारखे उमटलेले बोटांचे ठसे, मनगटाभोवतीचा वळ, कानामागे, मानेवर, पाठीवर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला झालेली इजा यांची संगती मात्र पडण्याशी लावणे कठीण असते. गोळीने डाग मोठा होतो, पण त्याला बोटांचा आकार येत नाही. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे हे ठरवू नये, कारण तो अंदाज डॉक्टरांचाही चुकू शकतो. शरीराइतकेच आजूबाजूलाही पाहावे लागते. दर वेळी नवे कारण सांगितले जाते का, इजा होऊनही दवाखान्यात नेण्यास उशीर होतो का, सांभाळणारा माणूस त्यांना कोणाशी एकटे बोलू देतो का, गुंगीच्या गोळ्या सांगितल्यापेक्षा लवकर संपतात का आणि तो खोलीत आला की वृद्ध व्यक्ती अंग चोरते का, या साऱ्या गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते.

मी तिला सांगितले की भावाला लगेच जाब विचारू नका, कारण आपण पुन्हा डोंबिवलीला निघून गेलो की त्याचा राग वडिलांवर निघण्याचा धोका असतो. आधी वडिलांशी एकट्याने बोला, तेही सकाळी, जेव्हा त्यांचे भान त्यातल्या त्यात जागेवर असते. "दादा मारतो का?" असे उत्तर सुचवणारे न विचारता "हे हाताला काय झाले?", "घरात कोणाची भीती वाटते का?" असे विचारा आणि ते गप्प बसले तर थांबा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बोलण्याला अर्थ नसतो, हा समज मला फार घातक वाटतो. त्यांना तारीख आठवणार नाही, क्रम चुकेल, पण कोणाची धास्ती वाटते हे त्यांच्या शरीराला ठाऊक असते. तिचे वडील आधी म्हणाले, "माका काय झाला नाय." बराच वेळ गेल्यावर त्यांनी आपणहून पुढचे सांगितले, "रात्री उठलंय काय मारता. पण तो वायट नाय गो."

या दुसऱ्या वाक्यामुळेच अनेक प्रकरणे दबून जातात. मारणाऱ्यालाच पाठीशी घालणे, त्याची बदनामी होऊ नये म्हणून स्वतःच्या पडण्याची गोष्ट रचणे, हे आई-वडिलांकडून इतक्या सहजपणे होते की ऐकणाऱ्यालाही तेच खरे मानावेसे वाटते.

दुसऱ्या दिवशी तिने वडिलांना सरकारी रुग्णालयात नेले आणि भावाला बाहेर थांबवून डॉक्टरांनी त्यांना एकट्याने तपासावे अशी विनंती केली. डॉक्टरांनी प्रत्येक वळाची जागा, आकार आणि माप कागदावर नोंदवले, चालू औषधांची यादी जोडली आणि मारहाणीचा संशय असल्याने तशी वैद्यकीय-कायदेशीर नोंदही केली. तिने स्वतः वळांचे फोटो काढून तारखेसह जपून ठेवले. ही नोंद करताना आपण भावाविरुद्ध पुरावे गोळा करत आहोत असे वाटून ती रडली. परंतु नोंद वडिलांच्या रक्षणासाठी असते आणि पुढे सलोख्याने मार्ग निघाला तरी ती वाया जात नाही.

त्याच दिवशी वडिलांना काही आठवड्यांसाठी कुडाळला आत्याकडे हलवण्यात आले. कारणांची चर्चा त्यानंतर, हा क्रम मी कधीही बदलत नाही. मारहाण करणारा माणूस थकलेला आहे की क्रूर आहे याचा निवाडा होईपर्यंत वृद्ध व्यक्तीला त्याच्या हाती ठेवणे योग्य नाही.

भाऊ मला भेटायला आला तो बचावाच्या तयारीने. "पडू नयेत म्हणून बांधतो," असे तो म्हणाला. बांधून ठेवल्याने पडणे टळत नाही, उलट सुटण्याच्या धडपडीत गंभीर इजा होते आणि एकाच जागी पडून राहिल्याने अंगाला जखमा होतात, हे त्याला समजावून सांगावे लागले. हळूहळू बाकीचेही बाहेर आले. वडील रात्री तीन-चार वेळा उठून बाजारात जायला निघत, अंथरूण ओले करत आणि त्याला चोर समजून शिव्या घालत. त्याला कित्येक महिने सलग झोप मिळालेली नव्हती आणि बहिणीचे पैसे वेळेवर येत असले तरी एक रात्रसुद्धा कोणी त्याच्या जागी उभे राहिलेले नव्हते. त्याचे हे दुःख मला मनापासून पटले. तरीही मी त्याला स्पष्ट सांगितले की या थकव्याने तुमचा हात का उठला ते कळते, पण तो उठणे क्षम्य ठरत नाही. पगारी माणूस मारत असता तर मी त्याला त्याच दिवशी कामावरून दूर करून पोलिसांत तक्रार द्यायला सांगितले असते. मारणारा घरचा आहे म्हणून वडिलांची इजा कमी होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 60 वर्षांवरील दर 6 जणांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची गैरवागणूक सोसावी लागते. त्यात शिवीगाळ, पैशांची लुबाडणूक आणि हेळसांडही मोजलेली आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना हा धोका अधिक असतो. म्हणून अशा घरात सांभाळणाऱ्याचा भार वाटून घेणे हा उपकार समजू नये, तो वृद्धाच्या सुरक्षेचाच भाग आहे. या घरात रात्रीपुरता एक माणूस ठेवला गेला आणि त्याचा खर्च बहिणीने उचलला. डॉक्टरांनी रात्रीची अस्वस्थता पाहून औषधांच्या वेळा बदलल्या, खाटेजवळ कमोडची खुर्ची आली आणि आंघोळ दुपारच्या शांत वेळी ठेवण्यात आली. भाऊ स्वतः समुपदेशनाला येत राहिला. फार राग आला की वडिलांना सुरक्षित बसवून खळ्यात, म्हणजे अंगणात, निघून जाणे आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलणे एवढे त्याने कबूल केले आणि पाळलेही.

सगळ्याच घरांत असे जमत नाही. जेथे सांभाळणारा ऐकत नाही तेथे 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करता येतो. तो वृद्ध व्यक्तीला स्वतः करता येतो किंवा तिने अधिकार दिलेली व्यक्ती अथवा संस्था करू शकते. सांभाळण्याच्या अटीवर घर-जमीन नावावर करून घेतली आणि मग सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागण्याची सोयही याच कायद्यात आहे. मारहाण हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे, त्यासाठी पोलीस ठाणेच गाठावे. मार खाणारी आई असेल तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांचीही मदत मिळते. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन आहे आणि त्या क्षणी जिवाला धोका असेल तर 112 वरच फोन करावा.

वडील घरी परतण्याआधी भाऊ-बहिणीने माझ्यासमोर बसून काही गोष्टी लिहून काढल्या. बहिणीने किंवा आत्याने न कळवता केव्हाही यावे, शेजारच्या काकींनी रोज एकदा डोकावावे, दर महिन्याला डॉक्टरांनी त्यांना एकट्याने तपासावे आणि पुन्हा हात उगारला गेला तर घरात बैठक न घेता त्याच दिवशी तक्रार द्यावी. शेवटची अट कागदावर भावाने स्वतःच्या हाताने लिहिली.