सीपी असलेल्या मुलाचे टक्के घसरले, म्हणजे पोर मागं गेलं का?

सिन्नरहून आलेल्या आईने दोन कागद पुढे ठेवले. मुलगा साडेचार वर्षांचा, सीपीमुळे (सेरेब्रल पाल्सी, मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा) दोन्ही पाय ताठ. सहा महिन्यांपूर्वी जीएमएफएम चाचणीत (बसणं, उभं राहणं, चालणं अशा मोठ्या हालचाली किती जमतात ते मोजणारी) ६२ टक्के, आता ५७. "मॅडम, रोज व्यायाम करून घेते. तरी पोरगं मागं कसं गेलं?"

"ताई, हे टक्के बाजूला ठेवू. आतली पानं आहेत का?" पिशवीत होती, हे बरं झालं. बरेच पालक फक्त शेवटचा आकडा घेऊन येतात आणि नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

या चाचणीत ८८ कृती असतात. सुरुवातच केली नाही तर ०, जेमतेम सुरुवात १, अर्धवट २, पूर्ण ३. प्रत्येकीला तीन प्रयत्न मिळतात, सर्वात चांगला धरतात. मग झोपून वळणं, बसणं, रांगणं, उभं राहणं आणि चालणं-धावणं अशा पाच विभागांच्या टक्क्यांची सरासरी काढतात. (अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांशी याचा काही संबंध नाही. इथे जास्त टक्के म्हणजे जास्त जमतं.)

दोन्ही पानं शेजारी ठेवली. बसणं ६० पैकी ५४ होतं, ते ५१. रांगणं ४२ पैकी ३३, ते २७. उभं राहणं ३९ पैकी १२, ते ९. बाकी तसंच. गेलेले १२ गुण म्हणजे चारच कृती: जमिनीवरून लहान बाकावर बसणं, चार पायऱ्या रांगत चढणं, उलटं रांगत उतरणं आणि एका हाताने बाक धरून डावा पाय उचलणं. चारहींपुढे "केली नाही" अशी खूण. जीएमएफएम-८८ मध्ये मुलाने नकार दिला तरी शून्यच लागतं.

"घरी पायऱ्या चढतो?"

"रोज. गच्चीवर जातो ना."

५७ आले त्या दिवशी एसटीने नाशिकचं सीबीएस बसस्थानक, तिथून रिक्षा, चाचणी दुपारी दोनला. त्याची झोपेची वेळ. आई दाराबाहेर, पोर रडून दमलेलं.

पुन्हा चाचणी सकाळी, खाऊन झाल्यावर, आईसमोर, अनवाणी आणि आखूड चड्डीवर ठेवायला सांगितलं. स्प्लिंट (पायाला आधार देणारा साचा) घालून करायची असेल तर ती वेगळी करून तसं लिहायचं, नाहीतर तुलनाच चुकते. शक्यतो तपासणाराही तोच हवा.

तीन कृती पूर्ण झाल्या. डावा पाय उचलणं मात्र अर्धवटच जमलं, म्हणून २ गुण. एकूण पुन्हा जवळपास ६२. त्या एका गुणाकडे थेरपिस्टने नीट पाहिलं. डावा पाय उचलताना भार उजव्यावर येतो, आणि गुडघा सरळ ठेवला की उजवा घोटा काटकोनापर्यंत येत नव्हता, पोटरी आखडलेली होती. व्यायामाचा भर आता तिथे आहे.

घरी आठवडेच्या आठवडे जमणारी गोष्ट खरंच बंद झाली, किंवा डायपर बदलताना मांड्या उघडेनाशा झाल्या, खुबा (मांडीचा सांधा) दुखू लागला, तर पुढच्या चाचणीची वाट पाहू नका. हाडांच्या डॉक्टरांकडून खुब्याचा एक्स-रे करून घ्या. एकामागून एक जमणाऱ्या गोष्टी जाऊ लागल्या तर मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. सीपीमधली मेंदूची इजा स्वतःहून वाढत नाही, त्यामुळे कारण दुसरं असू शकतं.