परसबागेतील बारमाही भाज्या : वाचकांचे प्रश्न

पावसाळा अर्ध्यावर आला की करटोलीविषयीची ‘फुले येतात, फळ धरत नाही’ ही एकच तक्रार दरवर्षी येते, म्हणून या वेळी तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : शेवगा दारात लावू नये, हे खरे का?
उत्तर : त्यात अशुभ काही नाही, लाकूड ठिसूळ असल्याने फांद्या वाऱ्यात मोडतात, एवढेच पाहून तो भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर लावावा.

प्रश्न : शेवग्याच्याच आळ्यात अळू लावले तर चालेल का?
उत्तर : नाही. अळूला सतत ओल हवी असते आणि साचलेल्या पाण्यात शेवग्याची मुळे कुजतात. तेथे विरळ सावलीत हळद लावावी.

प्रश्न : मांडवावर करटोलीचा एकच वेल आहे. तीन वर्षे भरपूर फुले येतात, पण फळ एकही नाही. दुकानदाराने संजीवक (फूल-फळ वाढवण्याचे औषध) फवारण्यास सांगितले आहे.
उत्तर : फवारणी आधी थांबवावी. करटोलीची नर आणि मादी फुले वेगवेगळ्या वेलांवर येतात. फुलाच्या मागे इवलेसे काटेरी फळ दिसले तर वेल मादी, नुसता देठ दिसला तर नर. एकट्या नर वेलावर कोणतेही औषध मारले तरी फळ धरणार नाही. बियांपासून केलेले रोप फुलल्याखेरीज ओळखता येत नाही, त्यामुळे ‘खात्रीची मादी’ म्हणून अशी रोपे विकणे ही निव्वळ फसवणूक आहे. ओळखीच्या बागेतील मादी वेलाला आत्ता, फुलोरा असतानाच, खुणेची दोरी बांधावी. दिवाळीनंतर वेल वाळला की ओळख पुसली जाते आणि पुढचे वर्ष वाया जाते. (वाळलेला वेल मेला समजून कंद उपटून टाकणारेही पुष्कळ भेटतात.) उन्हाळ्याच्या अखेरीस दोरी बांधलेल्या वेलाचा कंद मागून आणावा. साधारण दहा माद्यांना एक नर पुरतो. फुले संध्याकाळी उमलतात. तेव्हा नर फूल मादी फुलावर हलकेच टेकवावे. ओळख पटत नसेल तर फुलांसह फांदी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी.

प्रश्न : तोंडलीचे रोप कोठे मिळेल?
उत्तर : रोप नको, फळणाऱ्या वेलाची जून काडी लावावी.

प्रश्न : घरचे अळू घशाला खाजते.
उत्तर : चिंच किंवा आमसूल घालून ते पूर्ण शिजवावे. तरीही खाजत असेल तर खाणे थांबवून पान सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवावे. ओठ किंवा घसा सुजला, तर मात्र त्याच वेळी डॉक्टरांकडे जावे.