वाचकांचे प्रश्न : जत्रेची लाकडी छापचित्रे

प्रश्न : चित्रकार लुइस सेओआने यांनी स्पेनमधल्या गालिसियातली माणसे वुडकटमध्ये (लाकडी ठोकळा कोरून केलेल्या छापचित्रांत) आणली, पण ती दूर अर्जेंटिनात बसून. असे का? (एक वाचक, कोल्हापूर)

सेओआने यांचा जन्म १९१०चा, ब्वेनोस आयर्समधला. आईवडील गालिसियाचे, म्हणून बालपण आणि कायद्याचे शिक्षण स्पेनच्या त्या वायव्य कोपऱ्यात झाले. १९३६मध्ये यादवी युद्ध पेटले आणि गालिसिया लगेच बंडखोर सेनानी फ्रँकोच्या बाजूच्या ताब्यात गेला. डाव्या विचारांच्या सेओआने यांना देश सोडावा लागला आणि ते जन्मगावी परतले. तिथे गालिसियन स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. मायदेशी गालिसियन भाषेची पुस्तके दडपली जात असताना ब्वेनोस आयर्समध्ये ती छापता येत होती. सेओआने स्वतः प्रकाशनात होते. एका ठोकळ्यातून अनेक प्रती निघतात, त्यामुळे विखुरलेल्या माणसांपर्यंत पोचायला वुडकट हे सोयीचे माध्यम.

गालिसियातल्या जत्रेला 'फेइरा' म्हणतात. गुरांचा बाजार, बॅगपाइप आणि तांब्याच्या हंड्यात ऑक्टोपस उकडणाऱ्या बाया, हे तिचे ठरलेले रूप. समोर नसलेली जत्रा कोरताना चित्रकाराला बारकावे गाळावेच लागतात, आणि लाकडाला तेच मानवते.

प्रश्न : आमच्या गावच्या जत्रेची वुडकटची लहान पुस्तिका करायची आहे. गर्दी छापली की काळा चिखल होतो. पाट्यांवरची अक्षरेही तुटतात. (एक वाचक, सातारा)

चिखल होण्याचे मूळ बहुधा रेखाटनात असते. पोस्टकार्डाएवढ्या ठोकळ्यावर पाच-सहापेक्षा जास्त माणसे घेऊ नका. एखादे पागोटे, एखादी डोक्यावरची पाटी मोठी ठेवा, बाकी गर्दी एका सलग काळ्या आकारात जाऊ द्या.

मग शाई. ती फार असली की बारीक रेघा बुजतात. तेलाची छपाईची शाई काचेवर पातळ पसरवा. रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली पाहिजे. चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे. मोकळ्या पांढऱ्या जागा ३-४ मिमी खोल कोरा, नाहीतर रोलर आत दबून डाग उठतात. दोन रेघांमधली बारीक फट मात्र १ मिमी खोल असली तरी पुरते.

रेघेची कड बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. आतून पोखरलेली रेघ पहिल्या दाबाला मोडते. प्लायचा वरचा पापुद्रा उडत असेल तर कोरण्याआधी पातळ शेलॅकचा (लाखेच्या रोगणाचा) एक हात द्या.

अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कोरायची हे तुम्ही करतच असाल. लाकडाची नस शिरोरेखेच्या दिशेने ठेवा, म्हणजे शिरोरेखा टिकते. काने आणि उभे दंड नसेला आडवे जातात, तेच तुटतात. ते जाड ठेवा आणि त्यांच्या दोन्ही बाजू आधी धारदार सुरीने चिरून मगच गाऊज (गोल धारेची पटाशी) चालवा.

प्रेस नसेल तर ६०-८० ग्रॅमचा मऊ हातकागद घ्या आणि लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा. जाड कागदावर हाताने दाब पुरत नाही. पान एकाच बाजूला छापा, कारण तेल पाठीमागे उतरते. शिवण्यापूर्वी निदान आठवडाभर दोरीवर वाळू द्या. पावसाळ्यात याहून जास्त वेळ लागतो.