नाशिकमधल्या छोट्या रुग्णालयाने सर्पदंश उपचाराची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे कशी बनवावीत?

शून्यापासून लिहू नका. राष्ट्रीय तत्त्वे घ्या आणि सुरगाणा-पेठ या जिल्ह्यातल्या तालुक्यांतून येणाऱ्या रुग्णांसाठी जुळवून घ्या. प्रश्न नेमका मांडा: कोणता रुग्ण, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम. पुराव्याची खात्री ग्रेड (GRADE) पद्धतीने, म्हणजे पुरावा किती भरवशाचा हे पायऱ्यांत मांडणाऱ्या पद्धतीने, ठरवा. यादृच्छिक चाचण्या (रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) 'उच्च'पासून सुरू होतात, निरीक्षणात्मक अभ्यास (उपचार न ठरवता जे घडते ते फक्त नोंदवणारे) सहसा 'कमी'पासून.

गाडी अडते ती शिफारशीच्या शब्दांत. 'रक्त गोठण्याची चाचणी करावी' एवढ्याने भागत नाही. स्वच्छ, कोरडी काचेची नळी, 2 मिली ताजे रक्त, 20 मिनिटे न हलवता, असे लिहा. प्लास्टिकच्या नळीत निकाल फसवा येतो. असे बारकावे प्रत्यक्ष काम करणाऱ्यालाच दिसतात, म्हणून तत्त्वे लिहिणाऱ्या गटात रात्रपाळीची परिचारिका हवीच. औषध कंपनीचे मानधन घेणाऱ्याने त्या औषधाच्या शिफारशीवर मत देऊ नये.