फाईल डिलीट करणाऱ्या टूलचं वर्णन एआय एजंटसाठी कसं लिहायचं?

तुमचं म्हणणं असं की अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या कॉम्प्युटरवर जॅकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाईन फाईलींचा ढीग झालाय, तो साफ करायला पायथनमध्ये एजंट बनवलाय, आणि डिलीटच्या टूलच्या वर्णनात फक्त "फाईल डिलीट करते" एवढंच लिहिलंय, तर चालेल का. नाही चालणार. मी पण सोलापुरात असल्याच युनिटांची सॉफ्टवेअरची कामं करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॉडेल, म्हणजे एजंटच्या मागचं एआय, तुमचा कोड वाचत नाही हो. त्याला दिसतं काय तर टूलचं नाव, वर्णन आणि कुठले इनपुट द्यायचे त्याचा जेसन स्कीमा (ठराविक साच्यातली यादी), बास. आत तुम्ही पायथनचं ओएस डॉट रिमूव्ह लावलंय का एसएचयूटिल डॉट आरएमट्री, हे त्याला कळणार कुठून? पहिलं एकच फाईल काढतं आणि फोल्डर दिलं तर एरर मारतं, दुसरं अख्खं फोल्डर आतल्या सगळ्यासकट उडवतं. शिवाय डिलीट म्हटलं की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात रिसायकल बिन असतं, तिथून परत आणू म्हणून, पण ही दोन्ही फंक्शनं बिनमध्ये काहीच टाकत नाहीत, फाईल थेट गेली. ही गोष्ट वर्णनाच्या सुरुवातीलाच पाहिजे, खाली कुठंतरी नको.

मी असं लिहीन बघा: "दिलेल्या पूर्ण पाथवरची एकच फाईल कायमची काढते. रिसायकल बिनमध्ये जात नाही, परत आणता येत नाही. फोल्डर, स्टार घातलेली (एकदम अनेक फाईली धरणारी) नावं आणि डिझाईन फोल्डरच्या बाहेरचे पाथ नाकारते. वापरणाऱ्याने हीच फाईल नाव घेऊन काढायला सांगितली असेल तरच वापर. जुनी किंवा डुप्लिकेट वाटते एवढ्यावर वापरू नको, त्यासाठी अर्काइव्हला हलवायचं टूल आहे. फाईलमधला मजकूर बदलायचा असेल तर राईटचं टूल वापर."

यातलं जुनी-डुप्लिकेटवालं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुमच्याकडं पण असंच असणार, मोराच्या डिझाईनच्या फाईली, मोर फायनल, मोर फायनल दोन, मोर नवीन फायनल, आणि प्रत्येकाची एक बीएमपी (चित्राची फाईल) आणि एक लूमची, म्हणजे मागावर चालणारी फाईल. मॉडेलला नावं सारखी दिसली की ते बीएमपीला जादाची कॉपी समजू शकतं, पण ती तर डिझायनरची मूळ फाईल आहे, उद्या तेच डिझाईन वेगळ्या साईझमध्ये पाहिजे म्हटलं की तीच उघडावी लागते. तारखेवर पण जाता येत नाही, वर्ष दोन वर्षं हात न लावलेल्या डिझाईनची पार्टी अचानक परत ऑर्डर घेऊन येते. हे कारखान्यातल्या माणसाला माहीत असतं, एजंटला तुम्ही लिहाल तेवढंच माहीत.

एरर मेसेज पण वर्णनाचाच भाग धरा. नुसतं "सापडली नाही" आलं तर एजंट मिळत्याजुळत्या नावाची फाईल शोधून तिच्यावर टूल चालवायला बघू शकतो. म्हणून "या पाथवर फाईल नाही, काहीही काढलेलं नाही, दुसरी फाईल स्वतःहून निवडू नको, विचार" असं परत पाठवा. आणि काम झालं तर नुसतं ओके नको, कुठली फाईल गेली तिचा पूर्ण पाथ द्या.

एमसीपीतून टूल देत असाल (एजंटला टूल जोडायचा, नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने आणलेला प्रोटोकॉल) तर 2025 पासून त्यात डिस्ट्रक्टिव्ह हिंट, म्हणजे हे टूल काही नष्ट करू शकतं अशी खूण, असते, ती ट्रू ठेवा. पण नावातच हिंट आहे, ती कुणाला अडवत नाही, आणि वर्णन कितीही चांगलं असलं तरी ते पण अडवत नाही. अडवायचं ते कोडनेच. दोन ठिपके (म्हणजे एक फोल्डर वर) घालून बाहेर जाणारा पाथ आधी पूर्ण उलगडून घ्या, डिझाईन फोल्डरच्या आत पडतो का बघा, नाहीतर सरळ नकार. लिनक्सवर असाल तर सिमलिंक (दुसऱ्या फाईलकडे बोट दाखवणारी लिंक) पण नाकारा, कारण पाथ उलगडून मग रिमूव्ह केलं की लिंक राहते आणि मूळ फाईल जाते. आणि डिलीटच्या आधी माणसाचा होकार घेणं हे पण कोडमध्येच ठेवा. वर्णनात जे नाकारतो लिहिलंय ते कोड खरंच नाकारतोय ना, हे एकेक करून तपासा.

माझं विचाराल तर टूल कायमचं डिलीट करणारं ठेवूच नका, पायथनला सेंड-टू-ट्रॅश नावाची लायब्ररी आहे, ती फाईल बिनमध्ये टाकते. तसं केलंत तर वर्णन पण बदला, "बिनमध्ये जाते" असं लिहा, उगाच भीती घालायला कायमचं म्हणू नका, नाहीतर वापरणाऱ्याने परत मागितल्यावर एजंट त्याला फाईल गेली म्हणून सांगेल.

मग डिझाईन फोल्डरची कॉपी काढून त्यावर मुद्दाम मोघम सांगून बघा, "मोराच्या जुन्या फाईली साफ कर". त्याने यादी दाखवून विचारलं किंवा अर्काइव्हचं टूल घेतलं तर ठीक, थेट डिलीटला हात घातला तर वर्णन परत लिहा.