फळी चिकटवण्याआधी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पहिल्याच मोठ्या कामाला ‘त्रिंकोमाली’ या जुन्या शिडाच्या युद्धनौकेची लाकडी प्रतिकृती निवडलीस, याचा फार आनंद झाला. डोलकाठ्या कधी उभ्या करायच्या, असं विचारलं आहेस. ते पुढच्या पत्रात सांगेन, कारण फोटोत मला वेगळंच काही दिसलं. उजव्या अंगाला सात फळ्या बसल्या आहेत आणि डावं अंग अजून उघडं आहे. हात तिथेच थांबव.

ओली फळी चिकटवली की वाळताना ती आखडते आणि कण्याला आपल्याकडे ओढते. एकीची ओढ ती काय, पण सातजणी एकाच बाजूने ओढायला लागल्या की पाच मिलिमीटर प्लायवूडचा कणा टिकत नाही. माझं पहिलं जहाज असंच गेलं. एक बाजू पूर्ण करून मग मी दुसरीला हात घातला. चार महिन्यांनी नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, एक डोळा मिटून पाहिलं, तर कणा काकडीसारखा वाकलेला. सुकाणू सरळ बसेना, डोलकाठ्या एका रेषेत येईनात. शेवटी ते जहाज मी मोडलं. त्याचं आजही वाईट वाटतं. म्हणून एक फळी उजवीकडे बसली की लगेच तिची जोडीदार डावीकडे बसव.

पण त्याआधी सांगाडा बघ. बल्कहेड, म्हणजे कण्यावर आडव्या बसणाऱ्या बरगड्या, कापून येतात तेव्हा त्यांच्या कडा काटकोनात असतात, आणि नाळेकडे वळणारी फळी तिथे तिरकी येते. कड तशीच ठेवलीस तर फळी एका कोपऱ्यावरच टेकते आणि पुढे बाहेरून तिथे उंचवटा दिसतो. एक लांब लवचिक पट्टी सांगाड्यावर आडवी धर आणि तिच्याखालून उजेड कुठे येतो ते बघ. उजेड येईल तिथे पातळ चिपटी चिकटवून भर घाल, पट्टी उचलली जाईल तिथे घास. पॉलिश पेपर लांब ठोकळ्यावर चिकटव, म्हणजे तो एका वेळी तीन-तीन बल्कहेडवरून फिरेल. एकेक सुटं घासलंस तर खड्डे पडतील. मी या कामाला पूर्ण आठवडा देतो. लाकडी जहाज बांधणारे खरे सुतारही फळ्या ठोकण्याआधी बरगड्या वाकसाने तासून घेत.

मग मोजमाप. मधल्या बल्कहेडवर कागदाची पट्टी वरपासून कण्यापर्यंत लपेटून खूण कर. समजा 120 मिलिमीटर भरलं, तर 4 मिलिमीटरच्या 30 फळ्या लागतील. तशीच पट्टी नाळेजवळ लपेट. तिथे 75च भरलं, तर तेवढ्यातच या 30 जणींना मावायचं आहे. म्हणजे प्रत्येकीला टोकाशी अडीच मिलिमीटरवर आणायला हवं. तुझी पाचवी आणि सहावी फळी नाळेपाशी एकमेकींवर चढली आहे, ती निमुळती न केल्यामुळेच. निम्म्याहून बारीक मात्र करू नकोस. तशी वेळ आली तर दोन फळ्या अलीकडेच संपवून त्यांच्या जागी एकच पुढे ने. सुकाणूपाशी उलट जागा उरते, तिथे पाचरीसारखी फळी घालावी लागते.

फळी जाडीच्या बाजूने वाकते, रुंदीच्या बाजूने नाही. अर्धा तास पाण्यात ठेव, चिमट्यांनी सांगाड्यावर धरून रात्रभर वाळू दे आणि वाळल्यावरच चिकटव. मुंबईच्या पावसाळ्यात दोन रात्री दे. जुलैत फुगलेल्या लाकडात जानेवारीला केसाएवढ्या फटी पडतात.

सागाचं जहाज, मग प्रतिकृतीही सागाची का नको, हे तू विचारलंस. मलाही तसं वाटायचं. पण आपलं माप 1:64 आहे. तोफांचा डेक खऱ्या जहाजावर सुमारे 150 फूट, तो आपल्याकडे 28 इंच होतो. पावणेसहा फुटी खलाशी इंचभर होतो. सागाच्या रेषा आणि छिद्रं मात्र तेवढीच राहतात, आणि इंचभर माणसाशेजारी ती भेगांसारखी दिसतात. शिवाय साग तेलकट, डिंक नीट धरत नाही. तू हळदू घे. पिवळसर, घट्ट आणि एकसारख्या पोताचं लाकूड आहे, धार स्वच्छ येते.

खरं जहाज मुंबईच्या गोदीत, जमशेटजी बोमनजी वाडियांच्या हाताखाली मलबारी सागात बांधलं गेलं आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी पाण्यात उतरलं. नेपोलियनशी लढताना इंग्लंडला ओक कमी पडला, म्हणून काम इकडे आलं. त्याचे पहिले आराखडे ‘जावा’ या इंग्रजी जहाजातून मुंबईकडे निघाले होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला हरवलं, आराखडे गेले आणि दुसरे पाठवावे लागले. आज ‘कॉन्स्टिट्यूशन’ बोस्टनला आणि ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमधल्या हार्टलपूलला, दोघीही पाण्यावर आहेत. हे आठवलं की टेबलावरच्या आराखड्याची घडी मी फार जपून घालतो.

आता त्या सात फळ्या सोडव. फेविकॉलच वापरला असशील तर सांध्यांवर ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, वीसेक मिनिटं थांब आणि पातळ पात्याने हळूच उचल. खिडकी उघडी ठेव, जवळ दिवा-काडी नको. मग सांगाडा सपाट काचेवर ठेवून नाळेकडून, अगदी कण्याच्या रेषेत, एक फोटो काढून पाठव. थोडा बाक आला असेल तर बल्कहेडच्या मधे ठोकळे बसवून तो काढता येतो. ठोकळे किती आणि कुठे, ते फोटो पाहून कळवतो.

तुझा,
काका