सरकलेली हिरवी रेघ

प्रश्न : मी नागपूरला सदरमध्ये राहते, वय ६८. नातवाने टॅबवर बायबलचं अ‍ॅप टाकून दिलं. स्तोत्र २३ मधल्या कुरणाच्या वचनाखाली पेनने हिरवी रेघ ओढली, बाजूला दोन ओळी लिहिल्या. चष्मा सापडेना म्हणून अक्षर मोठं केलं, तर रेघ भलत्याच वचनाखाली! लिहिलेलं बिघडलं का?

उत्तर : नाही काकू. अक्षर वाढलं की ओळी नव्याने मोडतात. काही अ‍ॅपमध्ये पेनची रेघ मात्र पडद्यावरच्या जागेला चिकटलेली असते, शब्दाला नाही. अक्षर आधीच्या मापाचं करून बघा, बहुतेक जागेवर येईल. हाताने भरपूर लिहायचं असेल तर पीडीएफ बरी. तिथे पान मोठं केलं की रेघही सोबत मोठी होते. नुसतं वचन रंगवायला अ‍ॅपचाच रंग वापरा, तो वचनाला बांधलेला असतो. आणि चष्म्याला दोरी लावाच.